अरिमात्सु : तोकाइदो रस्त्यावरची शिबोरीची पेठ

नागोयाला जाणारे बहुतेकजण किल्ला पाहतात, तोयोताचं संग्रहालय पाहतात आणि क्योतोची बुलेट ट्रेन पकडतात. मला या शहरात सगळ्यात जास्त भावलं ते त्याच्या आग्नेय टोकाला असलेलं अरिमात्सु. सुती कापड गाठी मारून रंगवायचं काम, म्हणजे शिबोरी, इथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. आपल्या बांधणीच्याच जातकुळीतली ही कला आहे, त्यामुळे बांधणीची आवड असलेल्यांनी इथे अर्धा दिवस तरी काढावाच.

एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो महामार्गावर चिर्यू आणि नारुमी या दोन मुक्कामांमधला हा पट्टा तेव्हा ओसाड होता, वाटसरूंना धोक्याचा. म्हणून नागोयावर राज्य करणाऱ्या ओवारी संस्थानाने इथे येऊन राहणाऱ्यांना सवलती दिल्या. आगुई गावातून ताकेदा शोकुरो आणि आणखी काही कुटुंबं आली. जमीन शेतीच्या कामाची नव्हती, पण दारावरून रोज माणसांची रीघ जात होती. नागोयाचा किल्ला बांधायला क्युशूतल्या बुंगो प्रांतातून आलेल्या लोकांकडे गाठी बांधून रंगवलेलं कापड शोकुरोने पाहिलं आणि जवळच्या चिता-मिकावा भागातल्या सुती कापडाचे तसेच पंचे करून विकायला ठेवले, असं इथे सांगतात. वजनाला हलका, न फुटणारा, घरी न्यायला सोयीचा माल! संस्थानाने पुढे या धंद्याची मक्तेदारीच अरिमात्सुला दिली. चित्रकार हिरोशिगेने तोकाइदोच्या चित्रमालेत नारुमीच्या मुक्कामासाठी चितारली ती अरिमात्सुची शिबोरीची दुकानंच.

मिकावाचं नाव आलंच आहे म्हणून सांगते. ७९९ साली तिथल्या किनाऱ्याला एक परदेशी माणूस वाहत येऊन लागला, त्याच्याजवळ कापसाचं बी होतं आणि पुढे त्याने आपण तेन्जिकुचे, म्हणजे भारताकडचे, असं सांगितलं, अशी जुन्या राजबखरीत नोंद आहे. त्या बियांची लागवड टिकली नाही, पण तिथल्या निशिओ शहरात त्याच्या नावाने आजही देऊळ आहे. हे वाचल्यावर मला या कापडाबद्दल वेगळीच आपुलकी वाटायला लागली.

स्टेशनवरून उतरलं की दोन-तीन मिनिटांत जुना रस्ता लागतो. लांबी साधारण ८०० मीटर. १७८४च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळलं, तेव्हा गवती छपरं जाऊन कौलं आली, भिंतींना जाड चुन्याचा गिलावा आला. घरांचे दर्शनी भाग मुद्दाम पाहा, क्योतोतल्या अरुंद घरांच्या मानाने ते ऐसपैस आहेत, कारण माल रस्त्यावरून दिसायला हवा होता. ताकेदा, हात्तोरी, ओका या व्यापारी घराण्यांचे वाडे उभे आहेत. २०१६पासून हा भाग संरक्षित वस्ती आहे.

खरा वेळ द्या तो शिबोरी काइकानला, म्हणजे इथल्या शिबोरी भवनाला. तळमजल्यावर दुकान, वर तिकीट काढून प्रदर्शन आणि प्रात्यक्षिक. मी पाहिलेल्या आजी स्टँडच्या आकड्यात कापडाचं टोक अडकवून, दोरा गरागरा फिरवून गाठ आवळत होत्या. मान वर न करता. कापडावर निळ्या रेघांची नक्षी असते, ती पाण्यात निघून जाते. छापणारे वेगळे, बांधणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, दोरे सोडवणारेही वेगळे. बांधायच्या शंभरावर तऱ्हा आहेत, पण एका कारागिराने एकच तऱ्हा आयुष्यभर करायची, अशी इथली रीत. बारा मीटरच्या एका किमोनोच्या कापडाला महिनोन्‌महिने लागतात. किंमत पाहून नाक मुरडण्याआधी ही गाठ बांधताना एकदा पाहाच.

किमोनो नेसणं कमी झालं, बांधायचं काम आधी कोरियात आणि मग चीनमध्ये जाऊ लागलं, इथले कारागीर म्हातारे झाले. तरी नवी माणसं धडपडताहेत. सेक्का नावाची फुलांची नक्षी, जी एके काळी बाळांच्या लंगोटांना वापरत, ती आता युकातांवर, म्हणजे उन्हाळ्यातल्या हलक्या सुती किमोनोंवर, मिरवते आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या नागोया स्टेशनवरून लोकल किंवा सेमी-एक्स्प्रेस घ्या, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे. जलद गाड्या बहुधा इथे थांबत नाहीत, तेव्हा बोर्ड वाचूनच चढा. काही वाडे शनिवार-रविवारीच आतून पाहता येतात. रुमाल बांधायच्या शिकवणीला आधी नाव नोंदवा आणि रंगवलेला रुमाल लगेच मिळणार की मागाहून पोस्टाने, हे विचारून घ्या; भारतात परतायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे. शाकाहारी असाल तर उदोनच्या (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) रश्शात मासळीचा अर्क असतो हे धरूनच चाला, जवळ खायला काहीतरी ठेवा.

खरेदी करताना कापड हातात घ्या. हाताने बांधलेल्या कापडावर बारीक उंचवटे आणि चुण्या लागतात, छापील नक्कल सपाट असते. चुण्या हव्या असतील तर इस्त्री करू नका. निळीचं कापड पहिले काही वेळा गार पाण्यात वेगळं धुवा. बजेट कमी असेल तर तेनुगुई, म्हणजे सुती पंचा, घ्या, पेठ सुरू झाली ती त्यावरच. जून महिन्याच्या सुरुवातीला शनिवार-रविवारी शिबोरीचा उत्सव असतो, तेव्हा माल स्वस्त आणि भरपूर मिळतो, पण गर्दी इतकी की निवांत बोलायला कारागीर सापडत नाहीत. मला विचाराल तर साध्या आठवड्यातला सकाळचा वेळ बरा.