नाव कोणतं लावू?

दिल्लीत एका आंतरराष्ट्रीय स्त्री-हक्क संस्थेच्या ऑफिसचं कामकाज मी बघते. भाडेकरार, गाड्या, व्हिसा, खरेदीची कोटेशनं, ऑडिट, पगार, बंद पडलेला एसी, सगळं माझ्याकडे. साताऱ्याच्या नातेवाइकांना वाटतं, मी मोर्चे काढते. मोर्चे काढणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांच्या प्रवासाचे पैसे त्यांच्याच हातात आणि वेळेत पडतात की नाही, हे बघणं माझं काम. त्या कामातल्या एका रकान्याबद्दल आज लिहायचं आहे. नावाच्या.

जून २०२३. ऊसतोडीचा हंगाम संपून बायका गावी परतल्या होत्या, पेरण्या अजून व्हायच्या होत्या. शिबिर घ्यायला तेवढेच दिवस मोकळे. पुण्यात तीन दिवस, बीड, धाराशिव आणि यवतमाळहून बेचाळीस जणी. बऱ्याचशा एकल, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे प्रवासाची रक्कम फार नव्हती. पण दोनशे रुपयेसुद्धा आधी खिशातून घालायचे म्हटलं तर येणं रद्द करावं लागतं अशा बायका त्यांत होत्या. म्हणून जाण्याचं भाडं आम्ही स्थानिक संस्थेमार्फत आधीच पोचवलं. परतीचं भाडं आणि तीन दिवसांचा भत्ता खात्यावर जायचा होता. एसटीच्या मशीनची तिकिटं लवकर पुसट होतात, ती मी पहिल्याच दिवशी झेरॉक्स करून घेतली आणि निर्धास्त झाले.

आठवड्याने हेड ऑफिसकडून सतरा फॉर्म परत आले. सतरांवर कारण एकच: ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही.

जुळणार कसं? आधार माहेरच्या नावाने, पासबुक सासरच्या. मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. दोघींचं तर पहिलं नावच वेगळं. हेड ऑफिसच्या फॉर्मवर रकाने दोनच, नाव आणि आडनाव. आपल्याकडे बाईच्या नावाचे तीन भाग असतात आणि लग्नात तिन्ही बदलू शकतात, हे तो फॉर्म करणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या आईचं नवं नाव लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं गेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. बाबा गेले तेव्हा फॅमिली पेन्शनसाठी तिला शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं की या दोन्ही बायका मीच आहे. त्या दिवशी नोटरीच्या टेबलाशी उभी असलेली आई मला अजून दिसते.

पडताळणी नको, असं माझं म्हणणं नाही. पैसे खोट्या नावावर जाऊ नयेत म्हणूनच ती असते, आणि ऑडिटच्या वेळी उत्तर मलाच द्यावं लागतं. पण ज्या नियमामुळे खरी बाई खोटी ठरते, तो नियम पुरा झालेला नाही.

मी त्या सतरा जणींना एकेक करून फोन केले. एकीशी बोलणं झालं आणि सगळ्या प्रकरणाकडे बघण्याची माझी दिशाच बदलली. तिची कागदपत्रं अगदी जुळत होती, फॉर्म केवळ स्कॅन अस्पष्ट म्हणून नावाच्या कारणाखाली परत आला होता. ती म्हणाली, "ताई, त्या खात्यात नका टाकू. कार्ड त्याच्याकडं हाय, मेसेजबी त्याच्याच फोनवर जातोय. मी वरीस झालं माहेरी हाय." म्हणजे माझ्या यंत्रणेत सगळं बरोबर ठरलं असतं, आणि मारहाण करणाऱ्या माणसाच्या हातात आम्ही स्त्री-हक्कांचे पैसे नेऊन दिले असते. तिला रोख दिले. दोन सह्या, एक साक्षीदार, लेखी कारण.

मग मी हेड ऑफिसला दोन पानी टिपण लिहिलं. आमच्या ऑफिसात भिंतीवर सीडॉ कराराचं पोस्टर आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीचा हा करार, १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला, भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला. त्याच्या कलम १६(१)(g) मध्ये नवरा-बायकोला आडनाव निवडण्याचा सारखाच हक्क सांगितला आहे. भारताने मात्र कलम १६(१) मान्य करताना एक निवेदन जोडलं: कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय ढवळाढवळ करायची नाही, या धोरणाला धरूनच ते पाळू. सरकारचं ते तसं. पण आमच्या फॉर्मला असलं निवेदन जोडलेलं नाही, असं मी लिहिलं. जे कलम आपण गावोगाव शिकवतो ते आपल्या व्हाउचरवर लागू झालंच पाहिजे.

चार महिने लागले, पण झालं. फॉर्मवर 'उर्फ'चा रकाना आला. दोन नावांची बाई एकच आहे, असं स्थानिक संस्थेचं पत्र ग्राह्य धरायचं ठरलं. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: हे खातं तुम्ही स्वतः वापरता का? तो बाईला एकटीला, बाजूला घेऊन विचारायचा असतो. सर्वांसमोर विचारला तर उत्तर 'हो'च येतं.

तेव्हापासून राज्यातही काही हललं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. लाडकी बहीण योजनेसाठी आधारला खातं जोडायला बायकांच्या रांगा लागल्या, त्यामुळे पडून राहिलेली काही खातीही चालू झाली. तरी मधलं नाव कोणाचं, हा घोळ आमच्या फॉर्मवर अजून येतोच, आणि येत राहील.

गेल्या महिन्यात माहेरी राहणाऱ्या त्या ताईने व्हॉट्सॲपवर नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. नाव माहेरचं, मोबाइल नंबर तिचा स्वतःचा. खाली आवाजात निरोप: "ताई, पुढचं शिबिर पेरणीच्या आधीच ठेवा, न्हाईतर मला जमायचं न्हाई." जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी हॉल बघायला मी सुरुवात केली आहे.