वयाचा रकाना: वंशावळीच्या कामातील सहा महिने

माझ्या वंशावळीच्या कामाविषयी मागच्या वेळी लिहिले तेव्हा चार पणजोबा आणि चार पणज्या या आठ जागांपैकी पाच जागा भरल्या होत्या. या सहा महिन्यांत त्यात केवळ एका नावाची भर पडली. आईच्या वडिलांच्या आई, म्हणजे १३ व्या क्रमांकाच्या पणजी, आजवर माझ्या कागदांत ‘अमक्याची आई’ एवढ्याच ओळखीने होत्या, त्यांना अखेर स्वतःचे नाव मिळाले. स्वतःला १ क्रमांक द्यायचा, मग प्रत्येकाच्या वडिलांचा क्रमांक त्याच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि आईचा त्याहून एकाने अधिक, ही क्रमांकांची पद्धत मायकेल आयत्सिंगर यांनी १५९० मध्ये वापरली होती. पुढे १८९८ मध्ये स्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनित्स यांनी ती लोकप्रिय केली. (बेंझिनची रचना मांडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे हे पुत्र. साखळ्या जोडण्याची आवड घरातच असावी.) या पद्धतीने दहा पिढ्या मागे गेले की १०२४ जागा तयार होतात, आणि तेव्हा आपल्या सहा नावांचा फारसा अभिमान उरत नाही.

तरीही या काळात खरे काम झाले ते नावांचे नव्हे. माझ्या तक्त्यात घटना, वर्ष आणि पुरावा असे तीन रकाने होते. त्यांत मी ‘त्या वेळचे वय’ हा चौथा रकाना वाढवला. सुरुवातीला हेतू निव्वळ चुका शोधण्याचा होता. जुन्या कागदांत वय सांगताना ते शून्य किंवा पाचावर आणून ठेवण्याची लोकांची सवय सर्वत्र आढळते, इतकी की लोकसंख्याशास्त्रात ती मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरला जातो. माझ्या एका पणजोबांचे वय एका कागदावर ३० आणि त्यानंतर सात वर्षांनी झालेल्या नोंदीत ३५ होते. अशा ठिकाणी आता मी जन्मवर्ष लिहीत नाही, ‘या वर्षापासून त्या वर्षापर्यंत केव्हातरी’ असे लिहितो.

परंतु आजोबांच्या, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या, ओळीपाशी आल्यावर हा रकाना वेगळेच बोलू लागला. आमच्या घरात आजोबांची ख्याती कठोर आणि अबोल माणूस अशी आहे. त्यांनी पैशाचा विषय कोणाशी काढला नाही आणि घेतलेला निर्णय कोणाला समजावून सांगितला नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि वेळप्रसंगी स्वतःही चवीने सांगत आलो. त्यांचे वडील वारले ते वर्ष मला पाठ होते. मात्र त्या वर्षासमोर आजोबांचे वय १९ आणि सर्वांत धाकट्या भावंडाचे ४ असे लिहिले, तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. माझे आजचे वय ४४ आहे. ज्यांच्या स्वभावाचा निवाडा मी इतकी वर्षे करत होतो, ते त्या दिवशी माझ्या निम्म्याहूनही कमी वयाचे होते, आणि हे कळण्यासाठी साधी वजाबाकी पुरेशी होती.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची निघाली. घरखर्चाचे निर्णय परस्पर घेऊन नंतर कळवण्याची सवय मलाही आहे. तिला मी आजवर कार्यक्षमता म्हणत आलो. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच घराच्या कर्जाचे कागद मी १७ वर्षांच्या मुलासमोर ठेवले. त्याने दोन प्रश्न विचारले आणि त्यांतील एकाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

‘ही सवय आजोबांकडून आली’ असे वाक्य लिहिण्याचा मोह येथे होतो. ते मी लिहिलेही, परंतु वहीच्या ज्या भागात माझे तर्क असतात तेथे; नोंदी आणि ऐकीव माहिती यांचे भाग निराळे आहेत. त्या तर्काला पहिला धक्का माझ्या वडिलांनीच दिला, कारण ते दर महिन्याचा हिशेब सर्वांदेखत मोठ्याने वाचत असत. एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांना कुटुंबाविषयी वीस प्रश्न विचारून केलेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ज्यांना अधिक उत्तरे येत होती त्या मुलांचा आत्मसन्मानही अधिक आढळला. मात्र पूर्वजांची माहिती पाठ केल्याने आत्मसन्मान वाढतो, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या घरात गोष्टी सांगितल्या जातात, तेथे माणसे एकमेकांसोबत बसतात, हेही कारण त्यामागे असू शकते.

आत्याच्या मुलाखतीची पद्धतही मी बदलली आहे. ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारले की ती गोंधळते. ‘तेव्हा पाळण्यात कोण होते?’ असे विचारले की क्रम अचूक लागतो. दोन बैठकांचे ध्वनिमुद्रण उतरवून झाले असून तिसरे बाकी आहे. त्या तिसऱ्या बैठकीत मी तिला, आजोबा इतके कठोर का होते, असे विचारले होते. ती चकित होऊन म्हणाली, “कठोर? मला तर ते कधी रागावल्याचेही आठवत नाही.” हे वाक्य सध्या ऐकीव माहितीच्या भागात आहे, आणि त्याच्या शेजारी आत्याचे तेव्हाचे वय लिहायचे राहिले आहे.