नळी 26 इंची घ्यावी की 28 इंची?

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, साउथ डकोटात असतो. तिथे ऑक्टोबरात फेझंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. रीतसर परवाना काढून आयुष्यातली पहिली छर्ऱ्यांची बंदूक (शॉटगन) घ्यायला निघालेल्या या मुलाने परवा फोनवर विचारले, "मामा, नळी 26 इंची घेऊ की 28?" आपल्याकडे पक्ष्यांची शिकार कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी असे मला मनापासून वाटते, मी पुण्यात केवळ हवेत उडवलेल्या क्लेच्या (मातीसारख्या ठिसूळ) तबकड्यांवर नेम धरतो. तरीही नळीच्या लांबीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

लांब नळीची बंदूक लांबवर मारते, हा समज आमच्या घरातही पक्का होता. आजोबांची 30 इंची दुनळी त्याचा पुरावा म्हणून दाखवली जाई. काळ्या दारूच्या काळात त्यात तथ्य होते, कारण ती दारू सावकाश जळते. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू मात्र नळीच्या पहिल्या वीसेक इंचांतच बहुतांश जळून जाते. त्यापुढे दोन इंच वाढवल्याने छर्ऱ्यांच्या वेगात जो फरक पडतो, तो पक्ष्याला कळण्याइतका नसतो. छर्रे किती पसरणार हे तर मुख्यतः चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला किंचित अरुंद भाग, ठरवतो.

मग लांबीने साधते काय? हात फिरता राहतो. घरी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून मी ती खांद्याला लावतो आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या रेषेवरून नळीचे टोक फिरवतो. आजोबांची दुनळी सुरू व्हायला जड, पण एकदा निघाली की कोपऱ्यापर्यंत संथ, सरळ जाते. रेंजवर एका मित्राची 26 इंची बंदूक हाताळली, तेव्हा ती चटकन उठली आणि चाप ओढण्याच्या क्षणी तितक्याच चटकन थबकली. तबकडी अर्थातच पुढे निघून गेली. ताशी 60 किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी 30 मीटरवर असेल, तर छर्रे पोहोचेपर्यंत तो दीड मीटरहून अधिक पुढे सरकलेला असतो. त्यामुळे हात थबकणे म्हणजे पक्ष्याच्या मागे मारणे.

दाट झाडीत, पायाशी उठणाऱ्या पक्ष्यावर, आखूड नळी सोयीची. मात्र नुसता नळीचा आकडा पाहून चालत नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत, नळीमागच्या यंत्रणेमुळे एकूण लांबी तीन-चार इंचांनी वाढते, म्हणून तिथली 26 इंची नळी एकावर एक नळ्यांच्या बंदुकीतल्या 28 इंचीपेक्षाही लांब भरते.

भाच्याला एकावर एक नळ्यांचीच हवी आहे आणि तिकडे माळ मोकळा आहे, तेव्हा मी 28 सांगितले. दुकानात जाताना थंडीचे जाड जॅकेट घालूनच जा, असेही बजावले. बंदुकीचा खांद्याला टेकवायचा दस्ता सदऱ्यावर बरोबर बसला, तरी जाड जॅकेटवर बगलेत अडकतो.