लख्ख

माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धरला आणि पिळला. चहासारखं तपकिरी पाणी निघालं. पुन्हा धरला, पुन्हा पिळला. सातव्या-आठव्या वेळी पाणी अगदी स्वच्छ यायला लागलं, तरी माझं समाधान होईना. आणखी चार वेळा पिळून तो खिडकीत उन्हाला ठेवला. तो वाळेपर्यंत टाकीतली खडी घमेल्यात घेऊन चोळचोळून धुतली, काचा आतून घासल्या, दगडांवरचं हिरवं ब्रशने खरवडलं. पाच गप्पी मासे तेवढा वेळ बादलीत थांबले होते. संध्याकाळी नळाचं ताजं पाणी भरून दिवा लावला, तेव्हा काच आहे की नाही ते बोट लावून बघावं लागेल अशी टाकी झाली होती. आई सहसा कौतुक करत नाही. त्या दिवशी म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट घासलंस."

आठ दिवसांत पाचही मासे गेले.

तिसऱ्या दिवशी ते वर येऊन पृष्ठभागाला तोंडं लावून बसले. कल्ले भराभरा हलत होते, एरवी पंख्यासारखी फुललेली शेपटी मिटून काडीसारखी झाली होती. माझ्या डोक्यात एकच आलं: पाणी खराब झालं असणार. म्हणून मी पाणी बदलून टाकलं. पुन्हा सगळं, पुन्हा नळाचं. दुसऱ्या दिवशी एक मासा खडीवर आडवा दिसला. मग मी परत घासायला बसलो. आता आठवलं की मान खाली जाते, पण तेव्हा मी खरोखर सेवाच करत होतो.

शेवटी मावशीला फोन केला. तिच्याकडे कित्येक वर्षांपासून मासे आहेत, आणि त्यांच्याविषयी ती शेजाऱ्यांविषयी बोलावं तशी बोलते. तिने पहिला प्रश्न विचारला, "स्पंज कशाने धुतलास?" मी जरा अभिमानानेच सगळं सांगितलं. उन्हाचंही सांगितलं. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही.

"अरे, मग मासे जगणार कुणाच्या जिवावर?"

कुणाच्या, ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. मासे खातात आणि पाण्यातच घाण करतात, एवढं दिसत होतं. जे दिसत नाही ते असं, की माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात उतरतो. म्हणजे तो नुसता श्वास घेत असला तरी पाणी बिघडवतच असतो. उरलेलं खाणं आणि सडकी पानं त्यात आपली भर घालतात. नदीत हे सगळं वाहून जातं, विरून जातं. माझ्या टाकीची लांबी 60 सेंटिमीटर, रुंदी आणि उंची 30-30. काठोकाठ भरली तरी 54 लिटर. तिथे अमोनिया जाणार कुठे? तो कल्ले जाळतो.

त्याला खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही माशांना विषच. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मग दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. ते बरंच सौम्य असतं, थोडं थोडं पाणी बदलत राहिलं की आटोक्यात राहतं. यांची नावं नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा अशी आहेत, आणि ज्यांच्यावर सगळा संसार चालतो त्यांना इतकी अवघड नावं का, हे मला कळत नाही. मुद्दा असा की हे लोक पाण्यात तरंगत नसतात, चिकटून राहतात. काचेवर, खडीच्या दाण्यांवर, आणि सगळ्यात दाट वस्ती फिल्टरच्या स्पंजात, कारण तिथून पाणी सारखं वाहतं आणि प्राणवायू आयता मिळतो. मी पिळून काढला तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे ते गाव होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारायलाच. त्यातून कोणी वाचलंच असेल, तर त्याच्यासाठी मी ऊन ठेवलं होतं.

दोन महिने मासे मजेत होते ते माझ्यामुळे नाही, माझ्या आळसामुळे. साफसफाईचा झटका आला नसता तर आजही असते.

"आता काय करू?" मी विचारलं.

"आता काही करू नकोस. पाणी भर, फिल्टर चालू ठेव आणि चार-सहा आठवडे हात मागे बांधून बस."

जिवाणूंना जगायला अमोनिया लागतो, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं आणि सडू द्यायचं. ते बघवत नाही. खाणं तळाशी बसतं, त्यावर पांढरी बुरशी धरते, आणि आपण हाताची घडी घालून उभे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी धुकं पडल्यासारखं दुधट झालं. हात बादलीकडे गेलाही होता. मावशी म्हणाली, "आपोआप निवळेल." आणि आठवड्याभरात ते खरंच निवळलं.

त्या काळात माझ्या हाताला एकच काम होतं, पाणी तपासायचं. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात मोजून थेंब, मग पाच मिनिटं थांबून रंग बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, जसजसा वाढेल तसतसा हिरवा. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. रोज सकाळी खिडकीपाशी नळी पांढऱ्या कागदावर धरून मी रंग जुळवत उभा असायचो. पिवळा आणि पिवळट हिरवा यांत फरक काय, यावर घरात मतभेद व्हायचे. बाबांना सगळंच पिवळं दिसायचं. त्यांना मासे लवकर हवे होते.

या पाच आठवड्यांत सगळ्यात अवघड गेलं ते पाहुण्यांना तोंड देणं. बैठकीत दिवा लावलेली टाकी, आत पाणी खळखळतंय, दगड, दोन-चार झाडं, आणि मासे नाहीत. आलेला माणूस आधी वाकून बघायचा, मग बाजूने बघायचा, मग हळूच विचारायचा, "लपलेत का?" नाहीतच म्हटलं की चेहऱ्यावर काळजी. जिवाणू पाळलेत म्हटलं की ती काळजी माझ्याविषयी. एक गृहस्थ मात्र माझं काही ऐकायच्या आत म्हणाले, "तो बघा, त्या दगडामागे, केशरी!" इतकं खात्रीने म्हणाले की मीही वाकून पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात अमोनियाची नळी एकदम पिवळी झाली आणि नायट्राइटची गर्द जांभळी. पहिलं गाव वसलं होतं, दुसरं वसत नव्हतं. दहा-बारा दिवस जांभळा काही हलेना. तेवढ्यात मावशी चार दिवस राहायला आली. पिशवीतून आधी एक डबा काढला. डब्यात तिच्या टाकीचं पाणी आणि त्यात तिच्या फिल्टरच्या स्पंजाचा बोटभर तुकडा, काळपट, पाहून हात लावावासा वाटू नये असा. "विरजण आहे," ती म्हणाली आणि तो माझ्या चकचकीत नव्या स्पंजाशेजारी खोचून दिला. आई हे लांबून बघत होती. ती काही बोलली नाही, पण भुवई वर गेली. आठवड्यात जांभळ्याचा आकाशी झाला.

वाचताना पुढे कळलं की ही गोम लोकांना फार आधीपासून छळते आहे. लंडनमधला रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनज्ञ 1850च्या सुमारास हाच उद्योग करत होता. काचपात्रात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. मासे सोडतील तो वायू झाड घेईल, झाड सोडेल तो प्राणवायू मासे घेतील, असं त्याचं गणित. गणित जमलं, पण झाडाची पानं सडायला लागली, पाणी गढूळलं आणि काचेवर शेवाळ चढलं. मी असतो तर ब्रश आणला असता. त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि शेवाळ खाल्लं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. जिवाणूंचं काम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, तरी घाण झाली म्हणून ती काढायला न जाता ती खाणारा आणून बसवायचा, हे त्याला सुचलं. मला हे सुचायला पाच गप्पी खर्ची पडले.

दोन्ही विषं शून्यावर आल्यावर सहा झेब्रा डॅनिओ आणले. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून, आत थोडं थोडं टाकीचं पाणी घालत, मग सोडले. ते क्षणभर कोपऱ्यात गठ्ठा करून थांबले आणि मग टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सुटले की आम्ही सगळे हसायला लागलो. अंगावर निळे-रुपेरी पट्टे, आणि स्वस्थ बसणं माहीतच नाही. हे थव्याचे मासे आहेत, एकटा-दुकटा ठेवला की घाबरून राहतो.

खाण्याचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, असा नियम मी केला. पण मासा कायम भुकेलेलाच दिसतो. काचेजवळ कोणी आलं की सहाच्या सहा समोर येऊन तोंडं उघडतात. बाबा सकाळी चिमूटभर टाकायचे, कारण मी उठलेला नसायचो. दुपारी आई टाकायची, कारण "सकाळपासून पोटात काही नाही बिचाऱ्यांच्या". संध्याकाळी मी. एकदा अमोनियाची नळी हिरवट दिसली तेव्हा चौकशीत हे बाहेर आलं. तेव्हापासून खाण्याची डबी माझ्या कपाटात असते आणि घरात मला निष्ठुर समजतात.

आता दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, सगळं कधीच नाही. नवं पाणी बादलीत काढून त्यात क्लोरीन मारायचं औषध घालायचं, हात बुडवून टाकीइतकंच कोमट-गार आहे ना ते बघायचं. जुनं पाणी नळीने खाली ओढून घ्यायचं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि पाणी उतरायला लागलं की तोंडातून वेळेवर बाजूला करायचं. हे "वेळेवर" मला चौथ्या खेपेला जमलं. पहिल्या तीन खेपांविषयी विचारू नका. निघालेलं पाणी कुंड्यांना जातं, आणि त्यातल्या नायट्रेटमुळे असेल, पण कुंड्या खूश आहेत.

काचांचं म्हणाल तर पुढची तेवढी पुसतो, बघायला हवी म्हणून. बाजूच्या आणि मागची सोडून दिल्यात. मागच्या काचेवर आता हिरवी मऊ साय धरली आहे आणि डॅनिओ येता-जाता तिला तोंड लावून जातात. आईला ती काच खुपते. पाहुणे यायचे असले की ती विचारते, "मागची राहिली वाटतं?" राहिली नाही, ठेवली आहे, असं मी दर वेळी सांगतो.

काल पाणी जरा हळू पडायला लागलं म्हणून स्पंज काढला. महिन्याभराने. टाकीतून काढलेल्या त्याच बादलीभर पाण्यात तो बुडवला आणि हलक्या हाताने दोनदा दाबला. तपकिरी ढग उठला. हाताला अजून शिवशिवी होती, तिसऱ्यांदा दाबावा, चौथ्यांदा दाबावा, निदान तो एक काळा कोपरा तरी. आई दारात उभी होती. "एवढंच?" म्हणाली. मी स्पंज होता तसा, मळकट, जागेवर बसवला, फिल्टर सुरू केला आणि नळ सोडला, हात धुवायला.