संत्र्यात लवंगा टोचायचे दिवस

नोव्हेंबर संपत आला की आमच्या घरात लवंगांचा वास सुरू होतो तो पार जानेवारीपर्यंत. आम्ही ब्रिस्टलला राहतो आणि आमची शेजारीण विक्कन आहे. सत्तरीची आहे, मी तिला नावानेच हाक मारते कारण इकडे तशीच पद्धत, पण मनात ती काकूच. विक्का म्हणजे निसर्गपूजकांचा धर्म, तसा नवीन. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून हा पंथ उघडपणे लोकांसमोर आणला. वर्षात आठ सण, सगळे ऋतूंवर बांधलेले. त्यातला युल हा वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचा, २१ डिसेंबरच्या आसपास, सूर्य पुन्हा जन्माला येतो तो दिवस.

इकडे राहिल्याशिवाय ह्या सणाचं महत्त्व कळत नाही हो. त्या दिवसांत चार वाजता अंधार पडतो, दिवस आठ तासांचासुद्धा नसतो, आणि त्यात पाऊस, त्यामुळे सूर्य परत यायला लागला म्हणून कुणी दिवे लावत असेल तर ते आतून पटतं. आपली संक्रांत तरी वेगळी काय, सूर्याचं उत्तरेकडे वळणंच ना, फक्त आपलं पंचांग तारे धरून चालतं म्हणून शतकानुशतकं सरकत सरकत ती १४-१५ जानेवारीला आली.

तर युलसाठी आम्ही दोघी मिळून वासाच्या वस्तू करतो. मुख्य म्हणजे पोमँडर. म्हणजे अख्ख्या संत्र्याला लवंगा टोचून ते वाळवायचं. पातळ सालीचं, घट्ट संत्रं घ्यायचं. लवंगा नुसत्या दाबल्या तर अंगठ्याचं नख दुखून येतं आणि लवंगेचं डोकं तुटतं, म्हणून आधी दाभणाने भोक पाडायचं मग लवंग बसवायची. प्रत्येक भोकाला सालीतून तेलाची बारीक चिळकांडी उडते आणि तो वास, काय सांगू, बोटांना दोन दिवस राहतो. लवंगा अगदी चिकटून लावायच्या नाहीत, संत्रं सुकताना आकसतं त्यामुळे मधे थोडी जागा हवी. पूर्ण भरायचं तर एका संत्र्याला दीडशेच्या वर लवंगा सहज लागतात, म्हणून सुपरमार्केटातल्या इवल्याशा बाटल्या घेऊ नका, सरळ इंडियन दुकानातलं मोठं पाकीट आणा.

मग दालचिनीची पूड आणि ऑरिस रूटची पूड समसमान, चिमूटभर जायफळ, ह्यात ते संत्रं रोज घोळवायचं. ऑरिस म्हणजे आयरिस फुलाचं मूळ, ते काही वर्षं वाळवून ठेवल्यावरच त्याला वास येतो, आणि त्याचं काम म्हणजे बाकीचे वास धरून ठेवणं. हे तिने सांगितलं तेव्हा मला पटकन उटणं आठवलं. उटण्यात नागरमोथा असतो तोही वाळलेला कंदच आणि तोही वास धरूनच ठेवतो! पुढच्या वर्षी मी पुण्याहून नागरमोथा आणला आणि एका संत्र्याला ऑरिसऐवजी तो लावला. वास जरा मातकट, ओलसर येतो. तिला तोच जास्त आवडला.

पहिल्या वर्षी मात्र माझी दोन्ही संत्री बुरसली. आपली सवय, काही वाळवलं की स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवायचं, तसंच केलं आणि आठव्या दिवशी डबा उघडला तर हिरवी लव. फार वाईट वाटलं, एवढी मेहनत. संत्र्याला वारा लागलाच पाहिजे, आता मी कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून, बॉयलरच्या कपाटात ठेवते आणि रोज फिरवते. तीनेक आठवडे लागतात. म्हणजे २१ तारखेला हवं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटीच बसायला हवं, डिसेंबर उजाडल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

दुसरी वस्तू धूप. ब्रिस्टलजवळच्या ग्लास्टनबरी गावात हाय स्ट्रीटवर राळ, डिंक विकणारी दुकानं आहेत, तिथून फ्रँकिन्सेन्स आणतो, तो आपल्या सालईच्या जातकुळीतल्या झाडाचाच डिंक. दोन वाटे तो, एक वाटा पाइनची राळ, एक वाटा वाळलेली संत्र्याची साल, थोडी रोजमेरी. राळ खलबत्त्यात कुटताना चिकटून बसते, म्हणून आधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग काचेसारखी फुटते. कोळसा वाळू भरलेल्या वाडग्यात पेटवायचा, त्याच्यावर राखाडी थर आला की मगच चिमूट टाकायची आणि खिडकी उघडी ठेवायचीच, कोळशाचा धूर बंद खोलीत चांगला नाही. शिवाय बागेतलं दिसेल ते हिरवं धुपात टाकू नका. यूचं झाड इथल्या चर्चच्या आवारात सगळीकडे असतं पण ते विषारी आहे.

गेल्या युलला तिने पहिली चिमूट टाकली आणि धूर वर आला तेव्हा मला माझी आजी दिसली, बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-ऊद टाकून धुरी देणारी. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, मग पुढची चिमूट तुझ्या आजीच्या नावाने, आणि वाडगा माझ्याकडे सरकवला.

बाजारात विंटर स्पाइस नावाच्या, खोलीला वास यावा म्हणून ठेवायच्या बाटल्या मिळतात, मी त्या आणायच्या बंद केल्या. पहिल्या तासात डोकं चढतं आणि जानेवारीत त्या वासाचं काही उरत नाही. माझं दोन वर्षांपूर्वीचं संत्रं आता मोठ्या लिंबाएवढं, काळं आणि हलकं झालंय, मलमलच्या कापडात बांधून साड्यांच्या कपाटात ठेवलंय. परवा लग्नासाठी पैठणी काढली, घडी मोडली, आणि खोलीभर लवंग.