मे महिन्यातली कन्हान आणि भरलेला अंभोरा

नागपूरकर नदी बघायला निघतात ते ऑगस्टात, पूर आला की. मी मे महिन्यात निघालो. घरच्यांनी नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. पहाटेच कामठी रोड धरला, कारण नऊनंतर हेल्मेटमध्ये डोकं शिजतं.

कन्हानच्या पुलावरून खाली पाहिलं तर रेतीच रेती, आणि एका कडेने घोटाभर पाण्याची धार. खाली एक काका रेतीत हातभर खड्डा करून बसले होते. खड्ड्याच्या तळाशी रेती आधी काळवंडली, मग कडेने पाझर फुटला आणि थोड्या वेळात तांब्या बुडेल एवढं पाणी साचलं. आधीचं गढूळ पाणी त्यांनी उपसून टाकलं, नंतरचं नितळ होतं. म्हटलं, नदी आटली की हो. तर म्हणाले, "आटली नाही जी, खाली गेली."

खरंच आहे. कन्हान येते सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून. तिथे बर्फ नाही, त्यामुळे उन्हाळ्यात वितळून येणारं पाणीही नाही. जून ते सप्टेंबरात पडेल तेवढंच. पुढचे आठ महिने नदी जगते जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर. त्यात काळा पाषाण पाणी धरतो बेताचंच, त्यामुळे होळीनंतर धार बारीक होत जाते.

जूनच्या पहिल्या सरीनेही ती लगेच भरत नाही. भेगाळलेली काळी माती आधी स्वतः पिते. सप्टेंबरात तीच माती तुडुंब असते, तळी काठोकाठ असतात, मग पडेल ते पाणी थेट नदीत. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरातून वाहणारी नाग नदी लोकांच्या घरात शिरली. सिमेंटच्या रस्त्यांनी पुराला मदतच केली.

हीच नाग भर उन्हाळ्यातही वाहते, पण कौतुक नको. पेंच आणि कन्हानचं पाणी नळाने आपल्या घरात येतं, तिथून मोरीवाटे नागेत. पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं म्हणून २०१९च्या जुलैत शहराला दिवसाआड पाणी मिळत होतं, तेव्हा ही साखळी चांगलीच कळली होती.

दुपारी कुहीमार्गे अंभोऱ्याला पोचलो. कन्हान इथे वैनगंगेला मिळते आणि समोर अथांग पाणी! सकाळी जिच्यात जेमतेम घोटे भिजत होते, तीच ही नदी. ही सगळी करामत खाली पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची. त्याचा फुगवटा इथवर येतो. नाववाल्या दादांना विचारलं, पाणी कधी उतरतं? ते म्हणाले, "पयले पाऊस पाहून सांगत होतो, आता गेट उघडलं का समजते."

जाणार असाल तर आधी कन्हानच्या पुलावर थांबा, मग अंभोरा. आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या.