तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी अबार्थ देऊन नवी गाडी का घेत नाही?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर, कुठेही गेलं तरी हा प्रश्न येतोच. "दहा वर्षं होत आली की हिला. एक्स्चेंजमध्ये देऊन नवी का घेत नाही?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना मी पैसे वाया घालवते आहे असं मनापासून वाटतं. बाकीच्यांच्या स्वतःच्या दारात पोलो जीटी, लिनिया टी-जेट किंवा फिएस्टा वन पॉइंट सिक्स एस अशी एखादी जुनी स्पोर्टी गाडी उभी असते आणि माझं उत्तर त्यांना स्वतःसाठी हवं असतं. मी लिहिते आहे ते मुख्यतः या दुसऱ्यांसाठी.

माझी गाडी फियाट अबार्थ पुंटो, २०१६ ची. बनली आपल्या पुण्याशेजारी, नगर रस्त्यावरच्या रांजणगावात. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती ९.९५ लाख. १.४ लिटरचं टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं) पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत एवढी ताकद त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही हॅचबॅकमध्ये नव्हती. बोनेटवर विंचू आहे, कारण कार्लो अबार्थची रास वृश्चिक. हा माणूस १९०८ साली व्हिएन्नात जन्मला, १९४९ मध्ये त्याने इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि लोकांच्या रोजच्या छोट्या फियाट घेऊन त्यांना पळायला लावलं. साधी, घरची गाडी आणि तिच्या पोटात भलतंच इंजिन, ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते.

तर बदलायची का? मी हा विचार नुसता मनात घोळवला नाही, जाऊन नवी गाडी चालवून पाहिली. माझ्या पैशांत, माझ्या आवडीच्या जवळ जाणारी आणि अजून क्लच-गिअर देणारी म्हणून फोक्सवॅगन वर्टस, १.५ लिटर टर्बो. तीही आपल्या चाकणची.

ती उत्तम गाडी आहे, हे आधीच सांगते. १५० अश्वशक्ती, म्हणजे कागदावर माझ्या गाडीपेक्षा फरक नावापुरताच. पण २५० न्यूटन-मीटर टॉर्क सोळाशे आरपीएमपासूनच हाताशी येतो. माझी गाडी दोन हजारांच्या खाली ढिम्म असते, मग टर्बो जागा होतो आणि ती एकदम झेप घेते. वर्टसमध्ये ही वाट पाहणं नाही. सरळ रस्त्यावर सावकाश जाताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि पेट्रोल वाचतं; कधी बंद झाले, कधी सुरू झाले, हे कळतही नाही. तळाखाली १७९ मिलिमीटर जागा आहे, माझ्या गाडीखाली १५५. पौड रस्त्यावरचे स्पीड ब्रेकर रोज ओलांडणाऱ्याला या चोवीस मिलिमीटरांची किंमत सांगायला नको. माझ्या आईला आमच्या गाडीत बसता-उठताना हाताला धरावं लागतं. मागची सीट, डिकी, एसी, आवाज, सगळ्यात नवी गाडी सरस.

एक गोष्ट सोडून. स्टिअरिंग.

पुंटोचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. इंजिनच्या बेल्टवर एक पंप चालतो, तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने चाकं वळवायला मदत होते. पण रस्ता आणि हात यांच्यामधला यांत्रिक धागा त्यात बराच मोकळा राहतो. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग आधी हलकं पडतं, खडबडीत डांबर आणि गुळगुळीत डांबर यांतला फरक तळव्यांना कळतो. नव्या गाड्यांत तेल आणि पंप गेले, विजेची मोटर आली. कंपन्यांच्या बाजूने पाहिलं तर ते योग्यच आहे. पंप इंजिनला सतत ओढून धरतो, मोटर गरजेपुरतीच वीज घेते, म्हणजे मायलेज वाढतं. शिवाय लेन सोडली की स्टिअरिंग स्वतःहून सरळ करणाऱ्या यंत्रणांना मोटर लागतेच. म्हणून हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेली नवी स्पोर्टी गाडी आता माझ्या बजेटमध्ये मिळत नाही, आणि जास्त पैसे मोजले तरी जवळजवळ नाहीच. नवी गाडी माझ्या गाडीपेक्षा जवळपास सगळं चांगलं करते. जे एक ती करत नाही, ते बनवणंच थांबलं आहे. म्हणजे ही वस्तू एकदा दिली की शोरूममधून परत आणता येणार नाही. पुंटो तर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम एप्रिल २०२० मध्ये लागू होण्याच्या आधीच बंद झाली.

म्हणून "नवी चांगली की जुनी" हा प्रश्न मी कुणालाच विचारत नाही. मी विचारते, गेल्या वर्षभरात काही काम नसताना, फक्त चालवायची म्हणून गाडी बाहेर काढलीत का? मी काढते. रविवारी उजाडायच्या आत चांदणी चौकातून निघायचं, पौड मागे टाकायचं, मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी. निवे ओलांडलं की रस्ता खरा सुरू होतो. विळ्याकडे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये राहायचं, वळणाच्या आधी ब्रेक संपवायचा आणि वळणाच्या पोटात हलकेच पुन्हा पाय द्यायचा. वेगाचं म्हणत नाही मी. घाटात वेग करणाऱ्यांचा मला राग येतो, समोरून दूधवाल्याची मोटरसायकल येत असते. साठच्या आतही ही गाडी जितकं सांगते तितकं नवी गाडी शंभरलाही सांगत नाही. वर्टस मी ज्या दिवशी चालवली त्या दिवशी मला तिच्यात खोट सापडली नाही. घरी येऊन ती पुन्हा चालवावीशीही वाटली नाही. माझा निर्णय तिथे झाला.

पण सुरक्षेचा मुद्दा बाजूला ठेवून हा निर्णय कुणी घेऊ नये. इथे मी भाबडेपणाने बोलणार नाही, कारण जुन्या गाडीवर प्रेम करणारे नेमके इथेच डोळे मिटतात. पुंटोचंच उदाहरण घ्या. युरोपातल्या ग्रांदे पुंटोला २००५ साली युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. बारा वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, त्याच संस्थेने पुंटोची पुन्हा चाचणी केली आणि शून्य तारे दिले. चाचण्या युरोपातल्या गाडीच्या होत्या, आपल्याकडच्या नव्हे. पण अर्थ तोच. गाडीचा पत्रा पातळ झाला नव्हता. त्या बारा वर्षांत बाकीच्या गाड्या पुढे गेल्या आणि मोजपट्टी बदलली. माझ्या गाडीला दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. वर्टसला सहा एअरबॅग आहेत आणि २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या दुसऱ्या चाचणी-संस्थेच्या नव्या, कडक नियमांखाली मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत पाच तारे आहेत.

त्यातही मला एअरबॅगपेक्षा ईएससी महत्त्वाचं वाटतं. वळणावर गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावते, इंजिनची ताकद कमी करते आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे आणते. माणसाला चार पायांनी चार ब्रेक वेगवेगळे दाबता येत नाहीत, त्यामुळे कितीही मुरलेला चालक हे करू शकत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत डोंगराची माती रस्त्यावर वाहून येते, झाडांखालच्या वळणांवर शेवाळ धरतं. अबार्थला ईएससी नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी तिला घाटात नेत नाही, आणि आईला घेऊन कोल्हापूरला जायचं असेल तर घरातली दुसरी, साधी पण नवी गाडी काढते. ही दुसरी गाडी घरात नसती तर माझं उत्तर वेगळं असतं. घरात एकच गाडी आहे, मागे मुलं किंवा म्हातारी माणसं बसतात आणि महामार्गावर नेहमी जाणं होतं, असं असेल तर जुनी स्पोर्टी गाडी देऊन टाका. स्टिअरिंग कितीही बोलकं असलं तरी.

पैशांचं थोडक्यात सांगते. वर्टसच्या वर्गातल्या गाडीवर आता ४० टक्के जीएसटी आहे, कारण ती चार मीटरपेक्षा लांब आहे आणि इंजिनही बाराशे सीसीच्या वर. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के रोड टॅक्स, वर विमा. दारात येईपर्यंत हिशेब वीस लाखांच्या आसपास जातो. त्यातले बारा लाख कर्जाने, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता पंचवीस हजारांच्या जवळ आणि नुसतं व्याज तीन लाखांच्या घरात. जुन्या गाडीचा वर्षाचा सगळा खर्च, टायर आणि टायमिंग बेल्टच्या वर्षीसुद्धा, अशा चार हप्त्यांच्या आत बसतो. तेव्हा "जुनी गाडी खर्चात पाडते" हे वाक्य खरं नाही. जुनी गाडी वेळ खाते, हे खरं आहे. सस्पेन्शनचे बुश, ब्रेक पॅड, फिल्टर सहज मिळतात. हेडलाइट, बंपर, खास अबार्थचे अलॉय यांसाठी फोनाफोनी करावी लागते, जुन्या फियाटवाल्यांच्या ओळखी ठेवाव्या लागतात. मला ते आवडतं. ज्याला आवडत नाही त्याने स्वतःवर जबरदस्ती करू नये.

पेट्रोलबद्दलही विचारतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणार. खरी काळजी इंधनाच्या रबरी नळ्यांची आणि सीलची. दर सर्व्हिसला त्या बघायला सांगा, कडक झालेली किंवा तडकलेली नळी लगेच बदला. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

आता ज्यांना खरंच द्यायची आहे त्यांच्यासाठी. माझ्या भाच्याची पोलो जीटी टीएसआय आहे. तो वाकडला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज तीनला. त्याने विचारलं, "मावशी, देऊ का?" मी म्हटलं, "दे. तुझी गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्यात रांगते आणि शनिवार-रविवार झाकून ठेवलेली असते. तू तिच्यावर प्रेम करतोस ते आठवणींमुळे, चालवतोस म्हणून नाही." तो जरा दुखावला, पण हे बोलणं भाग होतं.

मात्र त्याला शोरूमच्या एक्स्चेंजमध्ये देऊ दिली नाही. तिथे वर्ष आणि किलोमीटर बघून भाव होतो. जीटी आहे की साधी, सर्व्हिसची सगळी बिलं आहेत की नाहीत, याला फारसं वजन नसतं. अशा गाडीची किंमत तीच गाडी शोधत असलेल्या माणसालाच कळते. असा गिऱ्हाईक मिळायला दोन-तीन महिने लागले तरी थांबा. देताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून काम संपलं असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत नाव बदललं का, हे स्वतः बघा. नाव तुमचं राहिलं आणि पुढच्याने कुणाला धडक दिली तर भरपाईसाठी नोटीस तुमच्या घरी येते. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. भाच्याने ते पत्र घेतलं तेव्हा नव्या गाडीच्या विम्यात त्याची चांगली रक्कम वाचली.

राहता राहिला माझा प्रश्न, कायमची ठेवणार का? नाही सांगता येत, पण कधी देईन ते मला ठाऊक आहे. टर्बो गेला आणि चांगला मिळेनासा झाला, तर देईन. जुगाड करून ती गाडी चालवणं मला जमणार नाही. २०३१ मध्ये पंधरा वर्षं भरतील, री-पासिंग करावं लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. तो मी आनंदाने भरेन. आणि तोवर माझी मुलगी गाडी चालवायला लागलेली असेल. ती शिकेल ती ईएससी आणि सहा एअरबॅग असलेल्या गाडीवर, मग त्यासाठी घरात पैसे कुठून काढायचे ते बघू. तेव्हा पार्किंगमध्ये दोनच जागा आहेत म्हणून एक गाडी द्यावी लागली, तर साधी आधी जाईल.